आज मराठी ब्लॉग लिहायला बसणाऱ्यांसाठी

ब्लॉग आता वाचतो कोण, असे विचारणाऱ्यांनी एकदा एवढे करून पाहावे. ठाण्यातल्या एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेला मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकासकाने करून न दिलेली जमीन व इमारत कायद्याच्या आधारे संस्थेच्या नावावर करून घेण्यासाठी, प्रत्यक्षात कोणकोणत्या कागदांमागे धावावे लागले, किंवा ऐरोलीहून खाडीतले फ्लेमिंगो पाहायला जायचे तर भरतीची वेळ कशी जुळवायची, हे मराठीतून शोधावे. शासनाची परिपत्रके सापडतील, वर्तमानपत्रांतल्या बातम्या सापडतील, वकिलांच्या आणि सहल कंपन्यांच्या जाहिराती तर मागाल तेवढ्या सापडतील. पण त्या कामातून स्वतः गेलेल्या माणसाने निवांत बसून लिहिलेले पान क्वचितच हाती लागते. असे पान शोधणारा वाचक मात्र रोज कुठे ना कुठे असतो. रोज सकाळी उघडून पाहायची जागा म्हणून ब्लॉगचे दिवस सरले आहेत. गरज पडल्यावर शोधून गाठायची जागा म्हणून त्याची किंमत उलट वाढली आहे. पुढचे सारे विवेचन या दुसऱ्या प्रकारच्या ब्लॉगविषयी आहे.

ओळखीच्या पाच-दहा ब्लॉगांवर नेमाने चक्कर मारणारे मराठी वाचक एके काळी होते. सगळ्या ब्लॉगांवरचे नवे लेख एकाच जागी दाखवणारे, अशा वाचकांची मोठी सोय असलेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, आणि तो रोजचा वाचक आधी फेसबुकने व पुढे व्हॉट्सॲपने नेला. तो परत येणार नाही, हे मान्य करूनच आज लिहायला बसावे. मात्र वाचकांना ओढून नेणाऱ्या जागांपैकी काहींचे पुढे काय झाले, हेही पाहावे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळले गेले आणि टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी भारतात बंदी आली. तिथे जमवलेला प्रेक्षक आणि तिथे ठेवलेले काम दोन्ही लोकांच्या हातून गेले. याउलट ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू झालेली व २००३ मध्ये गूगलने विकत घेतलेली ब्लॉगर ही सेवा अजून चालू आहे, आणि २७ मे २००३ रोजी पहिल्यांदा बाहेर पडलेल्या वर्डप्रेसवर आज जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे उभी आहेत. ब्लॉगरही उद्या बंद पडू शकते, हे खरे; पण तिथले लेखन उचलून दुसरीकडे नेता येते, आणि हाच फरक निर्णायक आहे.

आधी ठरवायचे ते

हातातला मजकूर ब्लॉगवर जावा की व्हॉट्सॲपवर, याची कसोटी सोपी आहे. हे तीन वर्षांनी कोणी शोधेल का, असे स्वतःला विचारावे. घोडबंदर रस्त्यावर आज सकाळी वाहतूक कुठे अडली आहे, हे शोधायला तीन वर्षांनी कोणी येणार नाही; ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळे व्हावे. संस्थेच्या अभिहस्तांतरणाचा अनुभव मात्र त्याच ग्रुपवर टाकला, तर दोन दिवसांत शुभप्रभाताच्या चित्रांखाली गाडला जातो आणि पुढच्या वर्षी शेजारच्या इमारतीचे सचिव पुन्हा पहिल्यापासून तेच विचारत फिरतात.

दुसरी कसोटी थोडी कठोर आहे: हेच लेखन आणखी शंभर जण माझ्याइतकेच चांगले करू शकतील का? १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे सांगणारी पाने अगणित आहेत आणि त्यांत आपल्या पानाची भर पडून कोणाचेच भले होणार नाही. केळी खाण्याचे फायदे, पावसाळ्यात घ्यायची काळजी, यशस्वी माणसांच्या सवयी या जातीचे लेखन तर आता यंत्रेच मागितल्याबरोबर करून देतात. अशा विषयांवर मराठी ब्लॉग काढू पाहणाऱ्याला मी स्पष्टपणे नको असेच सांगेन.

मग उरते काय? ठाणे आणि नवी मुंबईत उरते ते इतके आहे की लिहिणारे हात कमी पडावेत. दिवाळे, घणसोली, सारसोळे यांसारख्या जुन्या आगरी-कोळी गावांचेच उदाहरण घ्यावे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या गावांभोवती नवे शहर उभे राहिले. पण निवट्या हे चिखलातले छोटे मासे कसे धरायचे, जिताडा मासा कोणत्या दिवसांत आणि कोणत्या पाण्याला मिळतो, खाडीचा कोणता भाग कोणत्या नावाने ओळखला जातो, चिंबोरी भरलेली आहे की पोकळ हे हातात घेताच कसे कळते, ही सारी माहिती आजही तिथल्या साठी-सत्तरीच्या बायाबापड्यांच्या तोंडी आहे. ती पुस्तकांत फारशी उतरलेली नाही. तिथला एखादा नातू किंवा सून आजीजवळ बसून हे एकेक विचारून लिहील, तर तो ब्लॉग पहिल्या पानापासूनच संदर्भाला घेण्याजोगा ठरेल. असे लिहिताना आजीचे शब्द शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये. माशांची, जाळ्यांची आणि पाण्याच्या वेळांची नावे गावात बोलतात तशीच ठेवावीत आणि अनोळखी वाचकासाठी लगेच पुढच्या वाक्यात त्यांचे वर्णन करावे. शक्य असेल तिथे आजीच्या आवाजाचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रणही पानात जोडावे, कारण आगरी बोलीतला हेल अक्षरांत उतरत नाही.

विषय एवढा खास नसला तरी चालतो. येऊरच्या जंगलातल्या एकाच पायवाटेवर वर्षभरात काय काय फुलते, मासुंदा तलावाचे पाणी कोणत्या महिन्यात कसे दिसते, गणपतीसाठी कृत्रिम तलावावर जाणाऱ्याने कोणत्या वाटेने जावे, वाशीच्या घाऊक बाजारात किरकोळ गिऱ्हाइकाला काय मिळते आणि काय मिळत नाही, यांपैकी कोणताही विषय पुरे. मात्र विषय एकच धरावा. एका पानावर खाडी, दुसऱ्यावर क्रिकेट आणि तिसऱ्यावर आत्मचिंतन असा ब्लॉग लिहिणाऱ्याला मोकळा वाटतो. शोधून आलेला वाचक मात्र तिथे दुसरे पान उघडत नाही.

जागा आणि पत्ता

ज्याला तांत्रिक कटकटीत पडायचे नाही त्याने ब्लॉगर घ्यावे. ते फुकट आहे आणि जीमेलच्या खात्यावरच चालते. ज्याला मांडणी हवी तशी करायची आहे, पानांची संख्या शंभराच्या पुढे नेण्याचा विचार आहे आणि वर्षाला काही हजार रुपये व महिन्यातून तासभर देखभालीला देता येतात, त्याने स्वतःच्या जागेवर वर्डप्रेस बसवावे. या दोहोंतली निवड लोक समजतात तितकी महत्त्वाची नाही. महत्त्वाचा आहे तो पत्ता. पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाचा डोमेन विकत घ्यावा. डॉट इन हे विस्तारनाम साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळते आणि ब्लॉगरलाही जोडता येते. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे जावे लागले तर पत्ता तोच राहतो आणि जुने दुवे तुटू न देता जाता येते. देवनागरीत लिहिता येणारे डॉट भारत हे विस्तारनाम २०१४ पासून मिळते आणि दिसते छान, पण अनेक अर्जांत आणि ईमेलच्या खिडक्यांत ते अजून अडखळते. म्हणून मुख्य पत्ता डॉट इनचा ठेवावा आणि हौस असल्यास डॉट भारतचा पत्ता त्याकडे वळवावा.

डोमेनचे नूतनीकरण चुकले की सगळेच चुकते. ज्या ईमेलवर नूतनीकरणाची सूचना येते तो नोकरीच्या ठिकाणचा ईमेल नसावा, एवढे पाहिले तरी निम्मा धोका टळतो.

मराठी अक्षरांच्या खास अडचणी

इंग्रजीतल्या मार्गदर्शिका वाचून ब्लॉग सुरू करणारे इथे हमखास ठेचकाळतात, म्हणून थोडे तपशिलात जातो. ब्लॉगरवर लेखाचे शीर्षक देवनागरीत दिले की लेखाचा पत्ता आपोआप तयार होताना ती अक्षरे गळून पडतात आणि प्रत्येक लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा बिनचेहऱ्याचा पत्ता मिळतो. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंक या सोयीत जाऊन आपण स्वतः रोमन लिपीत छोटा, अर्थ कळेल असा पत्ता लिहावा. एकदा लेख प्रसिद्ध झाल्यावर तो बदलू नये. वर्डप्रेसवर दोष उलटा आहे. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण तोच पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की बहुधा त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी आणि रोमन अक्षर-आकड्यांनी भरलेली लांबलचक माळ होते, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हाची तिथे नऊ चिन्हे होतात. शिवाय वर्डप्रेस अशा पत्त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा घालते, त्यामुळे बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक मधेच तुटते. तिथेही पत्ता रोमन लिपीतच द्यावा.

सेटिंग्जमध्ये ब्लॉगची भाषा मराठी निवडणे ही अनेकांनी सोडून दिलेली पायरी आहे. तिच्यामुळे तारखा आणि बटणे मराठीत येतातच, पण पान मराठीचे आहे अशी खूणही ब्राउझरला मिळते. काही फाँटांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात आणि ती या खुणेमुळेच दिसतात. नाहीतर आपल्या लेखनात हिंदी वळणाचा ‘ल’ येतो, तो कित्येकांना खटकतो पण का खटकतो ते सांगता येत नाही. वर्डप्रेसवर कामाचा पडदा इंग्रजीत हवा असेल तर तो वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधून वेगळा ठेवता येतो. त्यासाठी संकेतस्थळाची भाषा इंग्रजी ठेवण्याचे कारण नाही. फाँट कोणताही घ्या, दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण आपल्या वेलांट्या आणि रफार वर जातात व उकार खाली येतात.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावे, हे आता वेगळे सांगावे लागू नये; पण संस्थेच्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल, जुने दिवाळी अंक यांतला मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटांत असतो. तो सरळ चिकटवला तर निरर्थक चिन्हे दिसतात. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र नंतर ओळ न् ओळ तपासावी लागते, कारण जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी तिथे हटकून बिघडतात. ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य दोन पद्धतींनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. एकाच ब्लॉगवर एकच पद्धत ठेवावी. वाचकाने फोन लावावा अशी अपेक्षा असलेला क्रमांक रोमन आकड्यांत द्यावा, कारण देवनागरी आकड्यांवर बोट ठेवून सहसा फोन लागत नाही.

एक लेख कसा घडवावा

ऐरोलीच्या फेरीवरचा लेख बहुतेक जण असा सुरू करतील: ‘गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब फ्लेमिंगो पाहायला गेलो आणि निसर्गाचा तो गुलाबी आविष्कार पाहून डोळ्यांचे पारणे फिटले.’ या वाक्यात वाचकाच्या उपयोगाचे काहीही नाही. ते न जाताही लिहिता आले असते. आता दुसरी सुरुवात पाहावी: ‘ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट भरती-ओहोटी पाहून सोडतात, म्हणून आधी सुटी आणि मग चौकशी असे न करता आधी भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि त्यावरून दिवस ठरवावा.’ वाचकाला पहिल्याच वाक्यात हातात काहीतरी मिळाले.

यापुढे कारण सांगावे, कारण कारण कळले की वाचक स्वतःचा हिशेब स्वतः मांडू शकतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर चरायला पसरतात, पण तेव्हा बोटीला पुरेसे पाणी नसते. भरती पूर्ण झाली की बोट मोकळेपणी फिरते, पण चरायची जागा पाण्याखाली गेल्यामुळे पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. म्हणून या दोहोंच्या मधली वेळ साधायची असते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. त्यामुळे या रविवारी सकाळी आठला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमाराला ओहोटी असते. ‘मागच्या रविवारी आठला गेलो तेव्हा खूप पक्षी होते, तुम्हीही आठलाच जा’ हा नातेवाइकांचा प्रेमळ सल्ला का फसतो, ते या एका वाक्यात उलगडते. मोठा रोहित आणि छोटा रोहित या फ्लेमिंगोंच्या दोन जातींतला फरक चोचीवरून कसा ओळखावा, बोटीत कोणत्या बाजूला ऊन येते, वयस्कर माणसाला बोटीत चढताना त्रास होतो का, हे नंतर यावे. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला, ही माहिती शेवटी एका वाक्यात पुरे, कारण ती सर्वत्र मिळते.

तिकिटाचे दर आणि वेळा देताना ‘अमुक महिन्यात असे होते’ असे लिहावे. प्रत्येक लेखावर लिहिल्याची तारीख आणि नंतर दुरुस्ती केली असल्यास तिची तारीख ठळक दिसली पाहिजे. लेख कायम ताजा वाटावा म्हणून तारीख लपवण्याचा सल्ला काही जण देतात; दर आणि नियम असलेल्या लेखात ती वाचकाची सरळ फसवणूक आहे.

शीर्षकात कविता नको. ‘गुलाबी स्वप्नांच्या गावा’ या शीर्षकाचा लेख कोणी शोधत नाही, ‘ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला जाताना भरतीची वेळ कशी पाहावी’ असे शोधतात. त्याच न्यायाने, लोक ज्या शब्दांत शोधतात तेही लेखात आले पाहिजेत. संस्थेचा सभासद ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ असे शोधतो, कार्यालयातला कागद ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणतो. पहिल्या परिच्छेदातच दोन्ही आणावेत. त्या विषयावरच्या लेखाची गोष्टही हीच: १९६३ च्या सदनिका अधिनियमातले कलम ११, जिल्हा उपनिबंधकांकडचा अर्ज, मुद्रांक शुल्काचा निर्णय, दुय्यम निबंधकांकडची नोंदणी आणि अखेर मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव, हा क्रम कुठेही मिळेल. कोणत्या टप्प्यावर कोणता कागद परत आला आणि तो कुठून मिळवला, एवढेच नव्याने लिहिण्यासारखे असते, आणि लेखाची तीन चतुर्थांश जागा त्यालाच द्यावी.

जुन्या ठाण्याविषयी लिहिणाऱ्यांनी ऐकीव तारखा तपासल्याशिवाय छापू नयेत. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्याच शहरात आहे. तिथे एक दुपार घालवली तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्ध्या ‘ऐतिहासिक’ मजकुराचा निकाल लागतो.

वाचक कुठून येणार

बहुतांश शोधातून, थोडे ओळखीतून. शोधासाठी गूगल सर्च कन्सोल या फुकट सेवेत ब्लॉगची नोंद करावी आणि साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, सादर करावा. दोन-तीन महिन्यांनी तिथे, लोक कोणते शब्द शोधताना आपले पान त्यांच्यासमोर आले, याची यादी दिसू लागते. ही यादी पुढच्या लेखांची सर्वोत्तम मार्गदर्शक आहे. ‘ऐरोली फ्लेमिंगो लहान मुले’ असे कोणी शोधले आणि आपल्या पानावर मुलांविषयी काहीच नाही, तर काय लिहायचे ते वाचकानेच सांगितले आहे.

फेसबुकवरचा लेख बंद गटात असेल तर तो शोधात येत नाही आणि इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेला दुवा दाबता येत नाही. तरीही या जागा टाळू नयेत. तिथे लेखातले एक छायाचित्र किंवा एक उपयुक्त वाक्य टाकावे आणि पूर्ण लेखन आपल्या पत्त्यावर ठेवावे. व्हॉट्सॲप चॅनल ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे आणि नवा लेख आल्याचे कळवायला ती पुरते. ब्लॉगर व त्याच्या जोडीची गूगलची फीडबर्नर ही सेवा यांची ईमेलने लेख पाठवण्याची सोय जुलै २०२१ पासून बंद झाली. जुन्या ब्लॉगांवर तिचे मेलेले चौकोन अजून लटकत असतात. ईमेलची यादी हवीच असेल तर वेगळी सेवा घ्यावी लागते.

आता यंत्रांचा प्रश्न. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले आणि गूगलच्या शोधात वरच्या बाजूला यंत्राने जुळवलेले उत्तर भारतात ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागले. त्यामुळे काही वाचक पानापर्यंत येतच नाहीत. एका ओळीच्या उत्तराने ज्याचे समाधान होते तो वाचक गेला असे समजावे. भरतीचा हिशेब, परत आलेल्या कागदाची हकीकत किंवा आजीचा आवाज ज्याला हवा आहे तो अजून येतो, कारण यंत्राकडे हे स्वतःचे नसते. ते कोणीतरी लिहिलेल्या पानांतूनच गोळा केलेले असते. आपले लेखन यंत्रांच्या प्रशिक्षणाला जाऊ द्यायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. कोणत्या यंत्राने काय वाचावे हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये, चॅटजीपीटीच्या कंपनीचा जीपीटीबॉट आणि गूगलचे गूगल-एक्स्टेंडेड यांना मनाई करता येते आणि ब्लॉगरवरही ती फाइल बदलण्याची सोय आहे. ही मनाई म्हणजे विनंती आहे, कुलूप नव्हे. माझे मत विचाराल तर, स्थानिक माहितीच्या मराठी ब्लॉगने दार उघडे ठेवावे. खाडीविषयी प्रश्न विचारणाऱ्याला इंग्रजीवरून भाषांतरित केलेले मोघम उत्तर मिळण्यापेक्षा इथल्या माणसाने लिहिलेल्यावर बेतलेले मिळालेले बरे. लेख मात्र यंत्राकडून लिहवून घेऊ नये. शुद्धलेखन तपासायला मदत घेणे वेगळे.

कायदा, चेहरे आणि घरटी

इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या प्रकरणाची ठिणगी २०१२ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, एका फेसबुक मजकुरावरून झालेल्या अटकेने पडली होती. ते कलम गेले, पण बदनामीचा कायदा गेलेला नाही. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ मध्ये आहे. संस्थेविषयी किंवा एखाद्या विकासकाविषयी लिहिताना कागदावर जे आहे तेवढेच लिहावे, हेतूंविषयी तर्क करू नयेत, आणि सभासदांची नावे व सदनिका क्रमांक गाळावेत. दुसऱ्याचे छायाचित्र ‘गूगलवरून साभार’ म्हणून लावण्याची आपल्याकडची रीत कायद्यात कुठेच बसत नाही. परवानगी घ्यावी किंवा स्वतः काढावे.

पक्ष्यांविषयी लिहिणाऱ्यांनी घरट्याची नेमकी जागा कधीही देऊ नये. मोबाईलच्या मूळ छायाचित्रात ठिकाणाची नोंद दडलेली असते; येऊरमधल्या घुबडाचे चित्र लावण्याआधी ती काढून टाकावी, नाहीतर पुढच्या रविवारी त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची रांग लागते.

पैसे

गूगल ॲडसेन्स मराठी संकेतस्थळे स्वीकारते, त्यामुळे जाहिराती लावता येतात. एका शहरापुरत्या विषयाच्या ब्लॉगला त्यातून डोमेनचा खर्च निघाला तरी खूप झाले. पोटापाण्याचा विचार असेल तर ब्लॉग हे स्वतः उत्पन्न न समजता ओळखपत्र समजावे: पक्षीनिरीक्षणाच्या सहली नेणारा, संस्थांचे हिशेब पाहणारा किंवा घरगुती मसाले विकणारा यांना त्यातून गिऱ्हाईक येते.

देखभाल

महिन्याला एक लेख पुरतो. नव्या लेखापेक्षा जुन्या लेखांची डागडुजी अधिक फळते, म्हणून वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, सर्वाधिक वाचली जाणारी पाने उघडून दर, वेळा व दुवे तपासावेत. नियम बदलला असेल तर जुना मजकूर पुसून टाकू नये. वर नवी माहिती तारखेसह लिहून खाली जुनी ठेवावी, कारण जुन्या नियमाने अर्ज केलेल्यांनाही कधीतरी त्याची गरज पडते.

लेखनाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ती उतरवून घेण्याची सोय आहे, पण लेखांच्या त्या फाइलमध्ये छायाचित्रे येतातच असे नाही. ती वेगळी साठवून ठेवावीत. महत्त्वाचे लेख इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही नोंदवून ठेवावेत. पत्ता दिला की पानाची प्रत तिथे जतन होते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे, तेव्हा फक्त ब्लॉगसाठी उघडलेले खाते असेल तर त्यात अधूनमधून शिरत राहावे. खाते बराच काळ वापरले गेले नाही तर ते कोणाला कळवायचे हे ठरवून ठेवण्याची सोय म्हणजे निष्क्रिय खाते व्यवस्थापक; याच खात्याच्या त्या सोयीत घरातल्या एका जाणत्या माणसाचे नाव नोंदवावे, आणि डोमेन कोणाकडून घेतला, त्याचे पैसे कोणत्या महिन्यात भरायचे, हे त्याला आजच लिहून द्यावे.

ज्यांचा पंधरा वर्षांपूर्वीचा ब्लॉग अजून तसाच पडून आहे, त्यांनी नवा काढण्याआधी तोच उघडून पाहावा. बंद पडलेली विजेट्स काढावीत, तुटलेली चित्रे पुन्हा चढवावीत, भाषा मराठी करावी, लेखांचे पत्ते मात्र होते तसेच राहू द्यावेत. कुठल्या कुठल्या पानांवरून त्यांच्याकडे येणारे दुवे इतक्या वर्षांत जमलेले असतात, आणि नव्या ब्लॉगला ते पहिल्या दिवशी मिळत नाहीत.